टी-टेस्ट कुठली लावायची हे एफ-टेस्टवरून ठरवणं बंद करा

धागाकर्ती:
बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला स्टॅट्स शिकवते. जर्नलमध्ये दरवर्षी तेच, दोन सरासऱ्यांत खरंच फरक आहे का हे तपासणारी टी-टेस्ट लावायच्या आधी एफ-टेस्ट करा, व्हेरियन्स (आकड्यांचं विखुरणं) सारखे निघाले तर पूल्ड टी (दोन्ही गटांचा व्हेरियन्स एकच धरणारी), नाहीतर वेल्च (तसं न धरणारी), आणि मुळात डेटा जमवला कसा हे कुणी विचारतच नाही. टी-टेस्ट ज्यांनी काढली त्या गॉसेटच्या १९०८च्या शोधनिबंधातला झोपेचा डेटा घ्या (गिनेस ब्रुअरीत नोकरी करून 'स्टुडंट' नावाने लिहायचे ते). १० पेशंट, प्रत्येकाला दोन्ही औषधं, झोप सरासरी ०.७५ आणि २.३३ तासांनी वाढली. मुलं दोन कॉलम बघून इंडिपेंडंट (दोन वेगळ्या गटांची टी-टेस्ट) लावतात, पी (खरा फरक नसताना एवढा किंवा जास्त फरक योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०७९, म्हणजे नेहमीच्या ०.०५च्या वर, आणि खाली लिहितात 'फरक नाही'. पेअर्ड (एकाच माणसाच्या दोन आकड्यांच्या फरकावर चालणारी) लावली की टी (सरासरी फरक भागिले त्याची अनिश्चितता) ४.०६, पी ०.००२८. आकडे तेच!

प्रतिसाद १:
मॅडम, हे उदाहरण धोक्याचं आहे. पोरं दोन्ही करून बघतील आणि छोटा पी उचलतील. एफ-टेस्टच्या नियमाने निदान हात बांधलेले राहतात.

धागाकर्ती:
पी बघून निवडायचीच नाही ना सर. पेशंट तोच आहे हे आकडे यायच्या आधीच माहीत असतं. सातव्याचं बघा, ३.७ आणि ५.५, त्याला दोन्ही औषधांनी चांगली झोप लागली. पाचव्याला दोन्हींवर वजा ०.१. हा माणसामाणसातला फरक वजाबाकीत निघून जातो, म्हणून पेअर्डला फरक दिसतो. आणि एफ-टेस्टचं म्हणाल तर १०-१० आकड्यांत तिला बरंच काही पकडताच येत नाही, वर डेटा नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेला) नसला की भलतंच सांगते. इंडिपेंडंट असेल तर सरळ वेल्च, आर या स्टॅट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट तीच आहे.

प्रतिसाद २:
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही, पीच्या पलीकडे कोणी जातच नाहीये. ०.०७९ आला म्हणजे फरक नाही असं सिद्ध होत नाही, हे आधी शिकवा. आणि नववा पेशंट बघितलात का, ० वरून थेट ४.६! त्याला काढलं तर सरासरी फरक १.५८ वरून १.२४ वर येतो पण टी उलट वाढून ५.६६ होतो, कारण विखुरणंच जवळपास निम्मं झालं. माझं म्हणणं, आधी १० फरक ठिपक्यांनी काढून बघायला लावा, मग ०.७० ते २.४६ हा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा सरासरी फरक साधारण कुठल्या हद्दीत असेल ते) लिहायला लावा.

प्रतिसाद १:
वेल्चचं पटलं. पण परीक्षेच्या पेपरात नुसते दोन कॉलम छापलेले असतात, कोणाकडून कसे घेतले एक ओळ नसते, तिथे पोरांनी कशावरून ठरवायचं?

धागाकर्ती:
तर तो प्रश्नच अर्धवट आहे सर, आणि पेपर आपणच काढतो. ती एक ओळ यंदापासून मी घालणार.