नो-हिटरचं नाव काढलं म्हणून मी पापी?

चार्ल्सकाठचा
परवा मित्राकडे आमच्या बॉस्टनच्या बेसबॉल संघाची, रेड सॉक्सची, मॅच बघायला जमलो होतो. नवापैकी सहा इनिंग झाल्या आणि आपल्या पिचरने (चेंडू फेकणाऱ्याने) समोरच्यांना एकही हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारा फटका, दिली नव्हती. मी सहज म्हणालो, "अरे, नो-हिटर चाललीय की!" खोलीत सन्नाटा. दुसऱ्याच चेंडूवर हिट बसली आणि आठ जणांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बॅट मीच फिरवली होती. त्यात दोन पीएचडी, एक हृदयरोगतज्ज्ञ. हीच मंडळी पुण्याला गेली की रिक्षाला टांगलेल्या लिंबू-मिरचीचे फोटो काढून हसतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नो-हिटर चालू असताना तो शब्द तोंडातून काढायचा नाही, डगआउटमध्ये (खेळाडू बसतात तिथे) पिचरशी बोलायचं नाही, असा संकेत आहे. १९४७ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्क यांकीजच्या बिल बेव्हन्सची नो-हिटर नवव्या इनिंगमध्ये शेवटचा एक आउट उरलेला असताना हुकली. रेडिओवर समालोचक रेड बार्बरने नो-हिटरचा उल्लेख केला होता, म्हणून लोकांनी त्यालाच धारेवर धरलं. पण १९५६ मध्ये यांकीजचाच पिचर डॉन लार्सनने चालू सामन्यात स्वतःच सहकारी मिकी मँटलकडे हा विषय काढला. मँटल काही न बोलता उठून गेला. लार्सनने पुढे परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही असा सामना) पूर्ण केला, वर्ल्ड सीरिजच्या इतिहासातला आजवरचा एकमेव!

तर ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. डोक्यावर बेसबॉलची टोपी आहे म्हणून तिला 'गंमत' म्हणायचं कारण नाही.

खिमापाव
असहमत. खेळाडूंपुरतं तरी. तुमच्याच बॉस्टनचा वेड बॉग्ज घ्या (नावातच सगळं आलं). प्रत्येक सामन्याआधी चिकन. रात्रीचा सामना असला की ५:१७ ला बॅटिंगचा सराव, ७:१७ ला धावणं. ज्यू नसूनही बॅटिंगला आल्यावर मातीत हिब्रू 'खाय' काढायचा, म्हणजे जीवन. आणि कामगिरी? ३,०१० हिट्स, पाच वेळा लीगमध्ये अव्वल सरासरी.

जॉर्ज ग्मेल्च नावाचा माणूस आधी मायनर (दुय्यम) लीगमध्ये खेळला, मग मानववंशशास्त्रज्ञ झाला. त्याने जुन्या पिढीतला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोवस्की याचं पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवरचं निरीक्षण बेसबॉलला लावलं. तिथले कोळी शांत खाडीत मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात जाताना करत. बेसबॉलमध्येही फिल्डर शंभरात सत्त्याण्णव वेळा चेंडू नीट हाताळतो, त्याला टोटके लागत नाहीत. बॅटर दहात सात वेळा फसतो तरी तो उत्तम ठरतो! मग तो मोजे न धुता तेच घालणार, नाहीतर काय करणार?

चार्ल्सकाठचा
ठीक, बॉग्जला सूट. पण माझा मित्र कुठल्या समुद्रात होता? तो सोफ्यावर होता.

शिकागोची_माई
म्हणूनच तर! बॅटरच्या हातात दहात तीन तरी असतात. बघणाऱ्याच्या हातात शून्य. मग तो टोपी उलटी घालतो, जागा बदलत नाही, तुम्हाला गप्प करतो. त्याला तेवढंच करता येतं.

आम्ही कब्सवाले, म्हणजे शिकागोच्या संघाचे. १९४५ च्या वर्ल्ड सीरिजला बिली सियानिस हा दारूच्या गुत्त्याचा मालक तिकीट काढून बोकड घेऊन आला. वास येतो म्हणून बोकडाला बाहेर काढलं आणि त्याने शाप दिला, अशी कथा. आता, कब्स वर्ल्ड सीरिज जिंकले नव्हते १९०८ पासून, म्हणजे शाप सदतीस वर्षं उशिरा पोचला. कळतं हो आम्हाला. पण २०१६ मध्ये जिंकण्याच्या त्या दिवसांत लोकांनी कब्सच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, विटांच्या भिंतीवर खडूने नावं लिहिली. आजोबांची, वडिलांची, वाट बघता बघता गेलेल्यांची. माझ्या शेजारणीने तिच्या आईचं लिहिलं. मी शिडी धरली होती. याला अंधश्रद्धा म्हणा, माझी हरकत नाही.

पॉपकॉर्नवाला
पुढची सीट कोणी घेऊ नका, माझी लकी आहे.

चार्ल्सकाठचा
माई, खडूबद्दल मी ब्र काढणार नाही. पण याच शापाचं दुसरं टोक बघा. १४ ऑक्टोबर २००३, तेच रिग्ली. कब्स ३-० पुढे, अजून पाच आउट घेतले की वर्ल्ड सीरिजमध्ये प्रवेश. कब्सचा फिल्डर झेलू बघत होता त्या फाउल (रेषेबाहेर गेलेल्या) चेंडूकडे एका प्रेक्षकाने हात नेला, आजूबाजूच्या अनेकांनी नेला तसाच. नंतर कब्सच्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरने) सोपा चेंडू सोडला, आठ रन गेले. पण शाप 'लागला' तो त्या प्रेक्षकामुळे! सुरक्षारक्षकांच्या गराड्यात त्याला बाहेर काढावं लागलं आणि पुढे त्याने लोकांत येणंच सोडलं.

आमच्याकडे बिल बकनर. १९८६ च्या वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात रेड सॉक्सच्या या फिल्डरच्या पायांमधून चेंडू गेला आणि सामना हातचा गेला. त्याआधीच बरोबरी झाली होती आणि सातवा सामना अजून बाकी होता, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. २,७१५ हिट्स मारलेल्या माणसाला जिवे मारण्याच्या धमक्या. गंमत कोणाची आणि किंमत कोणाला?

उंबरठा
बॉस्टनच्या शापाचं एक मला खटकतं. १९१९ च्या शेवटी आपला स्टार बेब रूथला लाख डॉलरला यांकीजना विकलं, त्याचा शाप लागला, म्हणून वर्ल्ड सीरिज १९१८ नंतर थेट २००४ ला जिंकली, असं म्हणतात. हे किती सोयीचं! एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू रेड सॉक्सच्या मैदानावर, फेनवे पार्कला, चाचणी देऊन गेला. घेतला नाही. दोन वर्षांनी तो ब्रुकलिनकडून खेळला. रेड सॉक्सचा पहिला काळा खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरला १९५९ मध्ये, सगळ्या संघांत शेवटी. भुतावर खापर फोडलं की मालकाला कोणी जाब विचारत नाही.

खिमापाव
हा मुद्दा चोख. पण तो शापकथा पसरवणाऱ्यांविरुद्ध झाला, चिकन खाणाऱ्याविरुद्ध नाही. आणि जपानी चाहते बघा. हान्शिन टायगर्स हा तिथला संघ जिंकला म्हणून १९८५ मध्ये ओसाकात केएफसीच्या कर्नलचा पुतळा नदीत फेकला. का, तर संघातल्या रँडी बास या अमेरिकन खेळाडूशी चेहरा जुळणारा, दाढीवाला दुसरा कोणी सापडेना! मग म्हणे कर्नलचा शाप लागला; २००९ मध्ये पुतळा वर काढला, तरी जपान सीरिजचं पुढचं जेतेपद २०२३ ला. तिथे निदान बळी प्लॅस्टिकचा होता.

शिकागोची_माई
२००३ मधल्या त्या प्रेक्षक पोराचं चुकलं नव्हतं, आणि आम्ही वाईट वागलो. क्लबने २०१६ ची विजयाची अंगठी त्यालाही दिली, तेव्हा माझ्या नवऱ्याने खाली मान घातली होती. त्या रात्री तोही टीव्हीसमोर ओरडत होता. पण पुढच्या ऑक्टोबरला त्याच खुर्चीत बसणार, विचारू नका.

चार्ल्सकाठचा
मित्राचा आत्ताच मेसेज आला. रविवारच्या मॅचला बोलावलंय. अट एकच: पाचव्या इनिंगनंतर मी स्वयंपाकघरात बसायचं.

खिमापाव
चिकन लावा तेवढ्यात.