मदत हवी: कॅनपी सुटते, पण डमीच्या डोक्यावर आपटते

हिंगणा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी एक्स्टर्नल येऊन राहिले. विषय: ग्लायडरची कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) आणीबाणीत फेकून देणारी यंत्रणा, अर्ध्या मापाचं मॉडेल. लाल दांडा ओढला की कॅनपी सुटते, पण जाता जाता आत बसवलेल्या डमी पायलटचं डोकं फोडते. स्प्रिंग जड टाकली, तरी तेच. फक्त उपाय सांगा, थिअरी रिपोर्टात लिहून झाली आहे.

कोथरूडचा_खवचट
बिजागरी पुढे, मागे की बाजूला? डोक्यावर कुठली कड येते? स्प्रिंग कुठल्या टोकाला? वारा कशाने देता? ‘माझं दुखतंय, गोळी सांगा’ असं झालं हे.

हिंगणा_मेकॅनिकल
सांगितलं ना, लाल दांडा ओढला की सुटते. चार पिना आहेत, चारही एकदम निघतात. वारा कूलरच्या पंख्याचा.

शंकेखोर
मुळात ग्लायडरला इंजिनच नाही, मग बंद काय पडणार? तरंगत येईल की खाली. उडी मारायची वेळ येतेच कशाला?

हडपसरकर
थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, एकाच वेळी बरीच ग्लायडरं घिरट्या घालत असतात. एकमेकांवर आदळली आणि शेपूट गेलं की तरंगणं संपलं. मग क्रम ठरलेला: आधी कॅनपी, मग पट्टे, मग बाहेर. हवेचा विरोध सोडून दिला तर ५०० मीटर पडायला जेमतेम १० सेकंद लागतात, म्हणून सगळं एका हातओढीत व्हावं लागतं.
मूळ धागाकर्ता, कूलरचा पंखा म्हणजे ताशी किती किलोमीटर वारा?

वायुसेनानगर_निवृत्त
तीस वर्षं विमानांखाली काढली आहेत, म्हणून सांगतो. या पिना-बिना विसर. हॉक विमानाच्या कॅनपीत स्फोटक दोरी चिकटवलेली असते, नागमोडी रेघ बाहेरूनही दिसते. पायलटने हँडल ओढलं की काचेचे तुकडे होतात आणि सीट वर जाते. डोक्यावर आपटायला काही शिल्लकच राहत नाही. एक्स्टर्नलला हे दाखव, खूश होईल.

हडपसरकर
काका, आदर ठेवून सांगतो, ते इजेक्शन सीटसोबतचं काम आहे. ग्लायडरमध्ये सीट उडत नाही, माणसाला पाठीवरच्या पॅराशूटसकट हातांनी बाहेर निघावं लागतं. आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्फोटक दोरी आणायला सांगताय?

वायुसेनानगर_निवृत्त
मी तत्त्व सांगून राहिलो. आणायला कोण सांगते?

मावशी_धंतोली
बाळा, गाडीत आम्ही काच फोडायची छोटी हातोडी ठेवतो, पट्टा कापायचं पातंही तिलाच असते. तीच ठेव ना डमीजवळ. मागच्या पावसात आमच्या शेजाऱ्यांची गाडी अंडरपासमध्ये अडकली होती तेव्हा…

कोथरूडचा_खवचट
मावशी, हा वेगळा धागा होईल.

हिंगणा_मेकॅनिकल
बरं, ऐका. बिजागरी नाहीच, कॅनपी चार पिनांवर बसते. स्प्रिंग पुढच्या टोकाला. पुढची कड मस्त उचलते, वारा खाली घुसतो, आणि मग पूर्ण कॅनपी मागे सरकते आणि मागची कड खाली घसरून डमीच्या टाळूवर बसते. आता तरी सांगा बे कोणी.

हडपसरकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर दुपारीच उत्तर मिळालं असतं. पिना चारही एकदम निघतात हीच अडचण आहे. पुढची कड आधी सुटून वर जायला हवी हे बरोबर, पण तोवर मागची कड ग्लायडरच्या धडाला धरून राहायला हवी. पेटीचं झाकण उघडावं तशी कॅनपी मागच्या कडेवर फिरते, चांगली उभी झाली की आपोआप निसटते आणि वारा तिला शेपटाकडे घेऊन जातो. मागे काही धरणारं नसेल तर ती कड कॉकपिटमध्ये येते. खऱ्या अपघातांतही हेच व्हायचं.
यावर जर्मनीत आखेनच्या प्रा. वोल्फ र्‍योगर यांनी काम केलं. त्यांच्या नावाने र्‍योगर हुक म्हणतात. कॅनपीच्या मागच्या चौकटीत मध्यभागी एक वाकडा आकडा, धडाच्या बाजूला त्याची खाच. कॅनपी आडवी असताना आकडा अडकून राहतो, पुरेशी फिरली की सुटतो. फिरतं कुलूप नाही की तार नाही.
मागच्या दोन्ही पिना काढून टाक आणि एक आकडा लाव.

वायुसेनानगर_निवृत्त
आकडा अडकून बसला तर? पिना एकदम निघाल्या पाहिजेत हे माझं मत कायम आहे.

हडपसरकर
अडकू नये म्हणूनच आकार महत्त्वाचा, काका. तोंड मोकळं ठेवायचं, बंद कडी करायची नाही.

समृद्धीचा_प्रवासी
कूलरने काय होते? मॉडेल बोलेरोच्या टपावर बांधा आणि समृद्धीवर १२० ने सोडा. शिवमडक्यापासून रस्ता एकदम सरळ.

कोथरूडचा_खवचट
हो, आणि सुटलेली कॅनपी मागच्या ट्रकच्या काचेवर. छान प्रोजेक्ट.

समृद्धीचा_प्रवासी
पहाटे ट्राफिक नसते भाऊ. मी कालच आलो शिर्डीवरून, मध्ये कुठे धड चहाही भेटला नाही.

हडपसरकर
रस्त्यावर अजिबात नको. पण त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० किमीला एका चौरस मीटरवर साधारण ४७ किलोचा जोर, २० किमीला दोन किलोही नाही. तुझी कॅनपी पाच मिलिमीटर ॲक्रिलिकची असेल तर पंखा तिला उचलत नाहीये, सगळं काम स्प्रिंग करतेय. म्हणून जड स्प्रिंग टाकल्यावरही तेच. कॅनपी कशाची आहे?

हिंगणा_मेकॅनिकल
ॲक्रिलिकच. इतवारीतून शीट आणली, ओव्हनमध्ये वाकवली. कडेला बारीक भेगा पडल्या आहेत, त्या उन्हाने का?

केमिकलवाली_ताई
स्पिरिटने पुसलीस का? ॲक्रिलिकला स्पिरिट, थिनर, पेट्रोल काहीच चालत नाही, वाकवलेल्या जागी तर जाळीच उठते. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड, बस.

शंकेखोर
मी ऐकलं की सीटखाली एअरबॅग असते, पायलटला वर उचलून देते. हेच का नाही करत?

हडपसरकर
आहे, डीजी कंपनीची नोआ. पट्टे सोडल्यावर पिशवी फुगते आणि पायलट कॉकपिटच्या काठापर्यंत वर येतो. पण कॅनपी आधी जावीच लागते, त्यामुळे याच्या डमीचं डोकं त्याने वाचत नाही.

हिंगणा_मेकॅनिकल
झालं! सायकलच्या स्पोकचा आकडा केला, कॅनपी पातळ पेट प्लॅस्टिकच्या शीटची केली. समोरून वारा दिला तर डोक्याला शिवतही नाही. पण पंखा तिरका ठेवला तर एका बाजूने उचलते आणि तशीच लटकून राहते. एक्स्टर्नल हेच विचारणार. आता?

वायुसेनानगर_निवृत्त
सांगितलं होतं, अडकेल.

हडपसरकर
आकडा अडकला नाही काका, वारा पुरेसा नाही. स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली पडताना, खऱ्या ग्लायडरलाही हेच होऊ शकतं. तेव्हा पायलट दोन्ही हातांनी चौकट वर ढकलतो. डमीच्या हातांच्या जागी दोन काठ्या लावून ढकलून दाखव, आणि किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या वजनकाट्याने मोजून तक्त्यात टाक.
एक्स्टर्नलने ‘प्रत्यक्षात तपासतात कसं’ विचारलं तर: तपासणीत दोघं जण कॅनपी दोन्ही बाजूंनी धरतात आणि आत पट्टे बांधून बसलेला माणूस लाल हँडल खरोखर ओढतो. फटीवर कोणी चिकटपट्टी मारून ठेवली असेल, दांडा गंजला असेल, तर तिथेच कळतं.
आणि डमीच्या पाठीला पॅराशूट बांधलं आहेस का? नसेल तर तेवढ्या जाडीची उशी बांध. पायलट पुढे सरकतो, डोकं दुसऱ्या जागी येतं. आकडा किती अंशाला सुटायला हवा ते त्यानंतर ठरव.