आप्पांचं सेव्हिंग खातं हलवू का? व्याज बघू की काउंटरवरचा माणूस बघू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात, आईवडील अमळनेरजवळ गावी. आप्पा झेडपीचे रिटायर्ड मास्तर, वय ७२, दोन्ही गुडघे गेलेले. पेन्शन तालुक्याला एका राष्ट्रीयीकृत बँकेत येते, नाव घेत नाही. तर झालं असं की मागच्या महिन्यात आप्पा पासबुकवर एन्ट्री मारायला गेले, मशीन बंद. काउंटरवर विचारलं तर "बाबा, लिंक नाहीये, उद्या या". उद्या गेले तर लिंक होती पण साहेब जेवायला गेले होते आणि स्लिपवरची सही जुळत नाही म्हणून पैसे दिले नाहीत. सही कशी जुळेल, हात थरथरतो आता. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा एक पोरगी खेकसली, "मोबाईलमध्ये ॲप टाकून घ्या ना, कशाला चकरा मारता". गावातून तालुक्याला तीन चकरा, काळीपिवळीत कोंबून, आणि आप्पा घरी येऊन काही बोललेच नाहीत. मायने फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं.

माझं डोकं फिरलं आणि मी त्याच रात्री दुसऱ्या बँका शोधायला बसलो. आता तीन पर्याय समोर आहेत आणि तिन्हीत घोळ आहे.

एक, आहे तिथेच ठेवायचं. व्याज अडीच टक्के, वागणूक वर सांगितलीच.

दोन, जळगावला एका स्मॉल फायनान्स बँकेची शाखा आहे. मी सुट्टीत जाऊन आलो, एसी, पाणी, "सर बसा सर". पत्रक दिलं त्यात पहिल्या एक लाखापर्यंत ३ टक्के आणि वरच्या रकमेला ६ टक्के. आप्पांच्या सेव्हिंगला साधारण दोन लाख पडून असतात, मायला ॲडमिट करायची वेळ आली तर हाताशी हवेत म्हणून. पण जळगाव म्हणजे जाऊन येऊन दिवस मोडतो.

तीन, गावातलीच पतसंस्था. तिथला पिग्मीवाला (रोजची थोडी थोडी बचत घरोघर गोळा करणारा) पोरगा आप्पांचा विद्यार्थी, रोज संध्याकाळी घरी येतो, चहा पितो, पैसे लागले तर घरपोच आणून देतो, मायचं बीपीचं औषधसुद्धा आणतो. एफडीला व्याज सगळ्यात जास्त. आप्पांची तिथे ३ लाखाची ठेव ऑलरेडी आहे, पुढच्या महिन्यात मुदत संपते, आणि आता ते म्हणतात सगळंच तिकडे टाकू. मला भीती वाटते, कारण आमच्या आत्याचे एका पतसंस्थेत अडकलेले पैसे तिच्या हयातीत मिळाले नाहीत. आप्पांना हे आठवतं पण ते म्हणतात तो पोऱ्या तसा नाही.

(विप्रो कंपनी अमळनेरातच सुरू झाली, तिचे शेअर ज्यांच्या आजोबांनी धरून ठेवले त्यांना असले प्रश्न पडत नाहीत. आमच्या आजोबांनी त्या पैशात बैलजोडी घेतली.)

तुम्ही असता तर काय केलं असतं?

केळीवाला_रावेर: भाऊ आधी हिशोब मांड. दोन लाखाला अडीच टक्क्याने वर्षाचे ५००० होतात. तुझ्या जळगाववाल्याकडे पहिल्या लाखाचे ३०००, दुसऱ्याचे ६०००, म्हणजे ९०००. फरक ४००० वर्षाला, महिन्याला ३३३ रुपये. जळगावच्या दोन चकरा आणि एक कचोरी, संपले. सेव्हिंगच्या व्याजासाठी म्हाताऱ्या माणसाला हलवू नको. व्याज बघायचंच असेल तर त्या ३ लाखाचं बघ.

धुळ्याची_सून: केळीवाल्या दादांशी सहमत नाही. ३३३ रुपये आमच्या सासूबाईंना महिन्याचं दूध वाटतात! पण पतसंस्थेबद्दल एक नीट समजून घ्या. बँकेत, मग ती सरकारी असो, स्मॉल फायनान्स असो नाहीतर सहकारी बँक असो, ठेव विमा असतो, एका माणसाला एका बँकेत व्याज धरून ५ लाखापर्यंत. आधी १ लाखच होता, २०२० पासून ५ झाला. पतसंस्थेला हा विमा नाही आणि रिझर्व्ह बँकेचा तिच्यावर ताबाही नाही. नावात "बँक" नसेल तर दोनदा विचार करा. पोरगा चांगला असेल हो, पण पोरगा पैसे गोळा करतो, कर्ज कुणाला द्यायचं ते संचालक ठरवतात. माझ्या माहेरी जळगाव जिल्ह्यात असे चहा पिणारे एजंटच पुढे रडत दारात यायचे, त्यांचे स्वतःचेही बुडालेले.

निवृत्त_कॅशिअर: मी अशाच एका शाखेत काउंटरला होतो म्हणून थोडी बाजू मांडतो, रागावू नका. लागलो तेव्हा शाखेत चौदा जण होतो, रिटायर झालो तेव्हा पाच, आणि खाती तिप्पट. १ ते १० तारखेला पेन्शनची गर्दी, त्यात आठवडे बाजाराचा दिवस, त्यात कापसाचे पेमेंट जमा व्हायला लागले की विचारू नका. आप्पांना १५ तारखेनंतर, बाजार सोडून, साडेदहा अकराला पाठवा, तीच पोरगी बसा म्हणेल. बरं, खेकसणं चूकच आहे, त्याची बाजू घेत नाही.

आता कामाचं. सही जुळत नसेल तर नवीन सहीचा नमुना देता येतो, तेही जमत नसेल तर साक्षीदार घेऊन अंगठा चालतो, आजारी आणि म्हाताऱ्या खातेदारांसाठी बँकेत तशी सोय असते. मायला त्याच खात्यात जॉइंट करा, दोघांपैकी कुणीही काढेल असं. पेन्शनला पती-पत्नीचं जॉइंट खातं चालतं. आणि ७० च्या वरच्या खातेदारांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगून ठेवलंय. तुमच्या खेड्यात लगेच मिळेल असं नाही, पण लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचाराल तर तोंडीच उत्तर मिळेल. तक्रारीचंही तसंच, आधी बँकेला लेखी द्यायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर माहिती मिळते, फी काही नाही. नुसतं "लोकपालाकडे जातो" म्हटलं तरी काही शाखांमध्ये खुर्ची मिळते, अनुभवाने सांगतो.

पतसंस्थेतली ठेव मुदत संपली की काढा आणि पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के आहे, पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्याला हातात. ३ लाखाला तिमाहीचे ६१५० येतील. तुम्ही ३३३ साठी भांडताय.

केळीवाला_रावेर: 😀 हेच म्हणत होतो मी.

चोपडा_एक्स्प्रेस: अजून एक, कुठेही नवीन खातं उघडलं तर आधार लिंक करताना बघून सही करा. सरकारी अनुदान खाते नंबर बघून येत नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं तिथे जातं. आमच्या काकांचं अतिवृष्टीचं अनुदान असंच भलत्याच बँकेत गेलं, चार महिने तलाठ्याला शिव्या देत होते, बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

अमळनेरकर (धागाकर्ता): सगळ्यांचे आभार, शनिवार-रविवार जोडून गावी जाऊन आलो म्हणून उशीर झाला.

बँकेत मी स्वतः गेलो आप्पांना घेऊन, १८ तारखेला, खरंच गर्दी नव्हती. नवीन सही दिली, मायचं नाव जोडलं, घरपोच सेवेचा अर्ज दिला. पोच द्यायला आधी कुरकुर केली, मग शिक्का मारला. पासबुकचं मशीन अजून बंदच आहे, पण हाताने लिहून दिलं. ती पोरगी पण होती, आप्पांनी तिला विचारलं कोणत्या गावची, तर नात्यातली निघाली लांबून. आता काय बोलणार.

जळगाववाली बँक रद्द. मायला मी सहा टक्क्याचं पत्रक वाचून दाखवलं, तर ती म्हणे, "जयगाव कोन जाई? मना पैसा कोठे शेतस ते माले दखाले जोयजे." (जळगावला कोण जाईल, माझे पैसे कुठे आहेत ते मला दिसायला हवं.) विषय संपला.

पतसंस्थेवरून मात्र दोन दिवस अबोला झाला. आप्पा म्हणे शिकवलेल्या पोरावर विश्वास नाही ठेवायचा तर मग तीस वर्षं केलं काय. मी आत्याचं नाव काढलं तेव्हा उठून ओट्यावर जाऊन बसले. रात्री जेवताना आपणच म्हणाले की ठेव काढू, पोस्टात टाकू, पण पिग्मी चालू राहील, रोजचे पन्नास, आणि त्या पोराला ठेवीचं मी सांगेन, तू मध्ये बोलायचं नाही.

पन्नास रुपयांवर मी वाद घातला नाही. कॅशिअर काका, पोस्टात व्याजावर टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापू नये म्हणून जो फॉर्म असतो तो खातं उघडतानाच द्यायचा की दरवर्षी एप्रिलमध्ये? तेवढं सांगा.

निवृत्त_कॅशिअर: आता उघडताना द्या आणि पुढे दर एप्रिलला नवीन द्या, एकच वर्ष चालतो तो. पण त्यांचा एकूण कर शून्य बसत असेल तरच. पॅनची झेरॉक्स जोडा. आणि आप्पांनाच सही करू द्या, नवीन नमुन्यासारखी.