वाट्यावरची भाजी

काही जण म्हणतात की अ‍ॅपवर थेट शेतातून भाजी येते, मग रस्त्यावरचे भाजीवाले हवेत कशाला? २०२० च्या टाळेबंदीतला मे महिना आठवून पाहा. वाशीची बाजारसमिती, म्हणजे नवी मुंबईतला घाऊक बाजार, ११ तारखेपासून आठवडाभर बंद होती. आमच्याकडे अ‍ॅपवर घरपोच भाजीसाठी स्लॉटच मिळत नव्हता. तेव्हा कोपऱ्यावरच्या मावशी कुठून तरी टेम्पो गाठून मेथी आणि वांगी आणायच्या. पैसे नंतर दिले तरी चालायचं.

आणखी एक. रात्री आठनंतर मावशी उरलेल्या मालाचे वाटे लावतात. चार मऊ टोमॅटो, दोन वांगी, मूठभर मिरच्या, वाटा दहा रुपयांना. बांधकामावरचे मजूर थांबतात ते त्यासाठीच. शिळी म्हणून नाक मुरडू नका, कालवण झकास होतं. हा हिशेब कुठल्या अ‍ॅपमध्ये बसवणार?

महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे तो बाजारसमितीबाहेरही विकायची मोकळीक दिली, आठवडी बाजार वाढले, शेतकऱ्याला दुसरी वाट मिळाली. हे चांगलंच झालं. पण या साखळीच्या शहरातल्या टोकाला बसून भाजी विकणाऱ्या बाईचं काय? २०१४ च्या फेरीवाला कायद्यात विक्रेत्यांचं सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही असं लिहिलंय आणि फेरीवाल्यांचे प्रश्न पाहणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आहेत. तरी मावशींचा तराजू गेल्या वर्षी दोनदा उचलून नेला. दंड भरून सोडवून आणला, टोपलीतली भाजी मात्र गेली ती गेलीच.