मत्स्यालय बघितलंय का? आठवणी, अनुभव, काहीही लिहा

चर्नीरोडकर:
काल भाचीने अहमदाबादहून व्हिडिओ पाठवला. सायन्स सिटीतलं मत्स्यालय, २०२१ ला सुरू झालेलं. २८ मीटरचा पारदर्शक बोगदा, डोक्यावरून शार्क चाललाय आणि ही खालून किंचाळतेय, "मामा, पोट बघ त्याचं, पांढरं आहे!" मी ऑफिसात, आवाज फुल. सगळ्यांनी वळून बघितलं.

तेव्हापासून डोक्यात तारापोरवाला घोळतंय. आम्ही गिरगावातले, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना मत्स्यालय दाखवून आणणे हे खातं माझ्याकडे. १९५१ सालचं, डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उघडलेलं, एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभं राहिलेलं, वगैरे भाषण मला पाठ होतं. मरीन ड्राइव्हच्या उन्हातून आत शिरलं की दोन मिनिटं काहीच दिसायचं नाही, मग भिंतीत एकेक खिडकी उजळायची. ओलसर वास, पंपाची घरघर, काचेवर आधीच्या पोरांच्या नाकांचे ठसे.

घाटावरचे पाहुणे रंगांवर खूश असायचे. लायनफिशसमोर तर ठिय्या. कोकणातल्यांची गंमत वेगळी. आमचे मालवणचे आतेकाका हेकरूच्या टाकीसमोर हात मागे बांधून उभे राहायचे आणि वजन सांगायचे. "ह्यो सा किलोचो. भायलो दोन किलोचोच, पण ताजो आसा." ताजो! जिवंत पोहतोय तो!

२०१५ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा १२ फुटी बोगदा केला होता. मोठ्या माणसाला चार पावलांत संपायचा, पण पोरं त्यातून परत परत फिरायची. कोरोनात बंद झालं ते झालंच.

तर लिहा. देशातलं, परदेशातलं, शाळेच्या सहलीतलं, कुठलंही मत्स्यालय चालेल. फक्त पाककृती कृपया दुसऱ्या धाग्यावर. (कोणी ऐकणार नाही, माहितीये.)

आंबोळी:
पहिली! कुकर लावलाय, नंतर येते.

सातारी_कंदी:
एसटी रिझर्व्ह करून सहल. पहाटे मुंबईत. राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे आणि शेवटी मत्स्यालय. तोपर्यंत सगळे इतके दमलेले की अर्धा वर्ग अंधारात भिंतीला टेकून झोपला. आमच्या बाई मोजत होत्या, एक मुलगा कमी. सापडला कुठे, तर कासवाच्या टाकीसमोर. डब्यातली पोळी काचेला लावून कासवाला दाखवत होता. कासव येतंय म्हणून खूश. बाईंनी कान धरून आणला तरी म्हणतोय, "बाई, ते ओळखतंय मला."

तो आता पशुवैद्य आहे, खोटं नाही सांगत.

वडापावसम्राट:
मालवणच्या काकांना दंडवत. ताजो आसा हे वाक्य स्टेटसला ठेवतोय.

दर्याची_लेक:
आमच्याकडे उलटं व्हायचं. माझी आय बाजारात मासळी विकायची, वर्सोव्याला. तिला मी कॉलेजात असताना तारापोरवालाला नेलं. तिला वाटलं आपली मासळी असेल. आत गेल्यावर विचारते, "पापलेट कुठंय? बोंबील कुठंय?" मी म्हटलं तिथल्या माणसाला विचारू. तर म्हणे विचारायचं काय त्यात, बोंबील जाळं वर येईस्तोवर मरतो, त्याला काचेत कोण जगवणार. पापलेटला हात लावला तरी खवलं गळतात. "ही सगळी दिखाव्याची मासळी आहे, खडकातली."

मग पाखटाच्या (स्टिंग रे) टाकीजवळ गेलो. तिथे पाचसहा पोरं काचेला चिकटलेली. पाखट काचेवर पोट घासत वर चढला की पोरांना तो हसतोय असं वाटायचं. आयने पोरांना बोलावून घेतलं आणि दाखवलं, बघा, ते डोळे नाहीत, नाकपुड्या आहेत, डोळे पाठीवर आहेत. शेपटीच्या मुळाशी तो काटा बघा, करवतीसारखे दाते आहेत त्याला. होडीवर पाखट आला की आधी शेपूट छाटतात, मग बाकीचं. एकाच्या पायात गेला होता तर महिनाभर चालता येत नव्हतं. पोरांच्या आया पण ऐकायला उभ्या. एवढी गर्दी झाली की वॉचमन बघायला आला, आणि तोही ऐकत उभा राहिला.

फुकट गाईड. तिला मात्र बाहेर आल्यावर एकच पडलं होतं, एवढ्या पाण्याचं रोज काय करत असतील.

आंबोळी:
दर्याची_लेक, तुमच्या आयला नमस्कार सांगा ग. मी पाखट हसतो असंच समजत होते आजवर, मुलालाही तसंच सांगितलंय.

ओसाकावासी:
इथे ओसाकात काईयुकान आहे. आठव्या मजल्यावर नेऊन सोडतात आणि मग गोल गोल उतरत खाली यायचं. प्रशांत महासागराच्या काठाकाठाने प्रवास अशी कल्पना आहे. वर जपानचं जंगल आणि झरे, मग अल्यूशियन बेटं, मॉन्टेरे, पनामा, अंटार्क्टिका, ग्रेट बॅरियर रीफ... आणि मधोमध एक अवाढव्य टाकी, नऊ मीटर खोल, तिच्याभोवतीच तुम्ही उतरत असता. त्यामुळे तोच देवमुशी (व्हेल शार्क) वरून पाठ दाखवतो, दोन मजले खाली आल्यावर पोट दाखवतो. प्रत्येक वळणावर परत भेटतो, लग्नातल्या काकांसारखा.

आणि चर्नीरोडकर, तुमच्या काकांना इकडे पाठवा. जपानी लोक टाकीसमोर उभे राहून अगदी गंभीरपणे "चविष्ट दिसतोय" म्हणतात. आज्या, शाळकरी पोरं, सगळे. मला पहिल्यांदा ऐकून घरी आल्यासारखं वाटलं.

शेवटी खोल समुद्राचं दालन आहे, जवळपास काळोख. तिथे ते लांब तंगड्यांचे जपानी खेकडे. माझी बायको तिथून पळत बाहेर गेली ते थेट बसस्टॉपवर.

वडापावसम्राट:
वहिनींचं बरोबर आहे. खेकडा रश्श्यात बरा.

चर्नीरोडकर:
झाली सुरुवात.

प्रभातफेरी:
निवृत्त शिक्षक आहे, म्हणून राहवत नाही. बोगद्यात मासे खऱ्यापेक्षा लहान दिसतात. सपाट खिडकीतून पाहिले तर साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठे आणि जवळ दिसतात. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे. पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो, त्यात बोगद्याची भिंतही वाकलेली, तिचा परिणाम उलटा. त्यामुळे शार्क वाटला त्याहून मोठा होता, असे भाचीस सांगावे.

चर्नीरोडकर:
सर, सांगितलं. आता ती परत आत जायला तयार नाही.

लिंबूसरबत:
मी फक्त जेलीफिशसाठी जाते कुठेही. त्यांची टाकी गोल का असते माहितीये का? त्यांना नीट पोहता येत नाही, प्रवाहासोबत वाहतात. चौकोनी टाकी असेल तर कोपऱ्यात जाऊन अडकतात आणि फाटतात. म्हणून गोल टाकी आणि आत पाणी हळूहळू गरागरा फिरवत ठेवायचं. माझ्या सध्याच्या नोकरीसारखंच पण ते असो.

सातारी_कंदी:
लिंबूसरबत, राजीनामा दिला नाहीस अजून??

लिंबूसरबत:
नोटीस पिरियड दादा. व्यक्तिगत निरोप करते.

कॅलिफोर्नियातली_आजी:
मुलाकडे सहा महिने असते. मॉन्टेरेला नेलं होतं. मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

आधी तिथे सार्डिन म्हणजे आपल्या तारलीसारखे मासे डब्यात भरायचे कारखाने होते. मासे संपले, कारखाने बंद पडले. शेवटचा १९७३ ला बंद झाला, आणि त्याच जागेवर १९८४ ला हे मत्स्यालय उभं राहिलं. जुने बॉयलर आतच ठेवलेत, दाराशी. मला ते फार आवडलं. आमच्या ह्यांच्या गिरणीचं काय झालं ते आठवलं. तिथे मॉल आहे.

केल्प म्हणून समुद्रातलं उंच शेवाळ असतं, त्याचं अख्खं जंगल टाकीत वाढवलंय. २८ फूट उंच. टाकीला वरून छप्पर नाही, त्याला खरं ऊन लागतं. आणि नुसतं ऊन पुरत नाही, पाणी सतत हललं पाहिजे, नाहीतर ते जगत नाही. म्हणून लाटा करणारं यंत्र बसवलंय. सगळं जंगल एकदम इकडे झुकतं, एकदम तिकडे. मासे पण त्याबरोबर डुलतात. पाणी समोरच्याच खाडीतून येतं. दिवसा गाळून सोडतात म्हणजे लोकांना स्वच्छ दिसेल, रात्री न गाळता. त्यातून बारीक जीव आपोआप येऊन टाकीत रुजतात. म्हणजे माणसांनी आणून सोडलेले थोडे आणि आपणहून आलेले बरेच. पाणबुड्या आत उतरून खाऊ घालतो आणि तोंडावरच्या मुखवट्यातूनच माईकवर बोलतो. एका मुलीने विचारलं मासे चावतात का, तो म्हणाला तुझ्या भावापेक्षा कमी.

समुद्री ऊदमांजरं पण आहेत. अनाथ पिल्लं सापडतात ती आणतात आणि तिथल्या माद्या त्यांना आईसारखं वाढवतात, शिंपले फोडायला शिकवतात, मग परत समुद्रात सोडतात. मी तिथेच बाकावर बसून राहिले. सून म्हणाली आई अजून पुष्कळ बघायचंय. म्हटलं तुम्ही या बघून.

आंबोळी:
आजी किती छान लिहिलंत. हळू टायपिंग असलं तरी लिहीत राहा.

गुळपोळी:
आजी तुम्ही पुण्याच्या ना? संभाजी बागेतलं मत्स्यालय आठवतं का? आधी मासे, मग बाहेर भेळ.

कॅलिफोर्नियातली_आजी:
मी डोंबिवलीची. पण माहेर पुणे. भेळ आठवते.

बिनधास्त_बोका:
विरोधी सूर लावतो, रागावू नका. मला मत्स्यालयं बघवत नाहीत. देवमुशी समुद्रात हजारो किलोमीटर फिरतो, त्याला टाकीत गोल गोल फिरवायचं? आणि आपण पॉपकॉर्न खात बघायचं. ऊदमांजरं सोडतात ते ठीक, पण बाकीच्यांचं काय?

ओसाकावासी:
बोकोबा, पटतं. मलाही प्रत्येक वळणावर तो दिसला की तिसऱ्यांदा वाईट वाटायला लागतं. पण माझ्या मुलीने पहिला देवमुशी तिथेच बघितला, आणि आता घरात प्लास्टिकची पिशवी आणली की माझी हजेरी घेते. हिशोब जमत नाही मला.

दर्याची_लेक:
देवमुशीवरून. हा मासा २००१ पासून वाघासारखाच कायद्याने संरक्षित आहे. आधी गुजरातेत खूप मारायचे, तेलासाठी. मग तिथे मोहीम झाली, जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायचा आणि सरकार जाळ्याची भरपाई देणार. आपल्याकडेही आता वनखात्याचा कांदळवन कक्ष देतो, २५ हजारांपर्यंत. आमच्या ओळखीतल्या एका नाखव्याने सोडलाय. जाळं कापताना हात थरथरतो म्हणे, कारण पैसे नंतर येतात, जाळं आज जातं. पण सोडला. फोनवर व्हिडिओ काढून ठेवावा लागतो पुराव्याला. त्यात ते धूड हळूच शेपटी हलवून निघून जातं आणि मागे सगळे ओरडतात.

बिनधास्त_बोका:
हे मात्र मत्स्यालयापेक्षा भारी. नाखव्यांना सलाम.

ओहोटी_बघून:
मुंबईकरांनो, तिकीट न काढता बघायचं असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि मोठ्या ओहोटीला गिरगाव चौपाटी किंवा हाजी अलीच्या खडकांवर जा. समुद्रफुलं, शंखातले खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस. प्रवाळसुद्धा आहेत, आपल्या या गढूळ पाण्यात! कोस्टल रोडच्या वेळी हाजली अली आणि वरळीच्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन बसवल्या होत्या. जाणकार लोक सोबत घेऊन फिरवतात, त्यांच्याबरोबरच जा. जुने बूट घाला, दगड उलटला तर परत तसाच ठेवा, आणि काही उचलून घरी आणू नका.

(हाजली अली काय, हाजी अली. बसमध्ये आहे.)

गुळपोळी:
हाजली अली, हाहाहा. राहू दे तसंच.

मांडवी_जेट्टी:
रत्नागिरीला झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, तिथलं छोटं मत्स्यालय कोणीच लिहिलं नाही? देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे तिथे. आमच्या लहानपणी त्याच्या बरगड्यांखाली उभं राहून फोटो काढायचा हा दिवाळीच्या सुट्टीतला ठरलेला कार्यक्रम. समुद्री घोडेही होते. त्यांच्यात पिल्लं बाबा पोटात वाढवतो हे तिथे ऐकून आमच्या आजीने आजोबांकडे असं काही बघितलं!

आंबोळी:
हे वाचून नवऱ्याला दाखवलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

वडापावसम्राट:
निमोमधल्यासारखे ते केशरी मासेसुद्धा सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि गटातला सर्वात मोठा मादी होतो. मोठी मेली की पुढचा नंबर लागतो. सिनेमात हे दाखवलं नाही, नाहीतर गोष्ट फारच वेगळी झाली असती.

प्रभातफेरी:
बरोबर. शाळेत मात्र शिकवू नये, पालक येतात.

नवखा_गप्पी:
नमस्कार, इथेच विचारतो. मुलासाठी घरी टाकी आणलीय. नळाचं पाणी चालतं का? दुकानदार म्हणतो चालतं, शेजारी म्हणतो मरतील.

लिंबूसरबत:
नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. बादलीत एक दिवस उघडं ठेव किंवा दुकानात क्लोरिन मारायचे थेंब मिळतात ते टाक. आणि सगळं पाणी एकदम बदलू नकोस, पाव हिस्सा फक्त. गप्पी घेतलेस तर तयारी ठेव, महिन्याभरात शेजाऱ्यांना वाटत फिरशील.

नवखा_गप्पी:
धन्यवाद ताई. नावाला जागायला गप्पीच घेतो.

सातारी_कंदी:
चर्नीरोडकर, अहमदाबादचं नक्की करतोय. पोरांना घेऊन. एक दिवस पुरतो का?

चर्नीरोडकर:
भाची म्हणते सायन्स सिटीत बाकीचंही खूप आहे, सकाळीच शिरा. मत्स्यालय आधी उरका, दुपारनंतर बोगद्यात शाळेच्या सहली कोंबलेल्या असतात. आणि सोमवारी जाऊ नका, बंद.

सातारी_कंदी:
वंदे भारतचं वेटिंग दाखवतंय. कर्णावती कशी आहे?

मांडवी_जेट्टी:
दुपारी सुटते, रात्री पोचवते. बसायला बरी आहे, पण जेवण बरोबर घ्या. पोळीभाजी, ठेचा. आणि कासवाला दाखवू नका.