दाढी वाढवायला सोडलीय पण गालांवर ठिगळं दिसालेत, काय करावं?

खानापुरी_गडी

नमस्कार मंडळी. वय 21, गाव खानापूरजवळ, कॉलेजसाठी रोज बेळगावला येऊन जाऊन करतोय. पहिल्यांदाच दाढी वाढवायला सोडलीय, महिना होत आला, मिशी आणि हनुवटीवर बऱ्यापैकी आलीय पण दोन्ही गालांवर ठिगळं ठिगळं दिसालेत, डावीकडं तर कल्ल्याच्या खालचा भाग जवळपास मोकळाच, आणि गळ्यावर मात्र नको तेवढी उगवालीय. वरनं खाज. लेक्चरला बसलो की हात तिकडंच जातोय. घरात वेगळीच कटकट, आज्जी म्हणतीय सुतक नाही काय नाही मग दाढी कशाला ठेवलायस, आणि गल्लीतला एक काका सगळ्यांसमोर विचारालाय, लग्न कधी झालं रे तुझं, गोड बातमी हाय काय म्हणून (बायको गरोदर असली की नवरा दाढी काढत नाही ना आमच्याकडं).

मित्र सांगालेत रोज उलटी दाढी कर म्हणजे दाट येते. एकजण म्हणतोय एरंडेल लाव, दुसरा म्हणतोय मिनॉक्सिडिल, ते टकलावर लावायचं औषध, मार डायरेक्ट. बियर्ड ऑईल, बियर्ड वॉश, बियर्ड बाम असलं सगळं ऑनलाईन बघितलं तर किट हजाराच्या वर जातंय. यातलं खरंच काय लागतंय? वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला अजून तीनेक महिने आहेत, तोपर्यंत माणसात आल्यागत दिसेल का?

उद्यमबाग_टर्नर

भावा, महिना होत आला म्हणतोस म्हणजे तुझा केस आत्ता कुठं सेंटीमीटरभर झाला असणार. दाढीचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो, महिन्याला एक सेंटीमीटर किंवा किंचित जास्त, आणि कुठलंबी तेल लाव तो वेग काय वाढत नाही. त्यात सगळे केस एकदम निघत नाहीत, काही वाढत असतात तेव्हा काही विश्रांतीला असतात. मिशी हनुवटी पुढं आणि गाल मागनं हे निम्म्याहून जास्त पोरांचं असंच बघितलंय. 21 म्हणजे कायबी वय नव्हे ओ, बऱ्याच जणांचे गाल पंचविशी-तिशीपर्यंत भरत राहतात. वडील, काका, मामा यांची दाढी कशी हाय ते बघ, दाटपणा बराचसा घराण्यातनं येतो. त्यांचेच गाल मोकळे असले तर मग किटवर पैसे घालवून काय उपयोग.

खाजेचं म्हणशील तर वस्तऱ्यानं कापलेल्या केसाचं टोक धारदार राहतं, ते वाढताना वळतं आणि कातडीला टोचतं. केस थोडा लांब झाला की आपोआप कमी होते. नेमकी ह्याच टप्प्याला निम्मी पोरं वैतागून सगळं साफ करून टाकतात आणि मग चार महिन्यांनी परत पहिल्यापासनं.

अजून एक, ह्या विषयाशी थेट संबंध नाही पण सांगतो कारण इथं बरीच पोरं कॉलेज झालं की उद्यमबागेत किंवा मच्छेला लागतात. फाउंड्रीत ग्राइंडिंगला, सॅन्डच्या कामाला असाल तर पूर्ण दाढी ठेवून मास्क लावायचा काय फायदा नाही, केसांमुळं मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि बाजूनं सिलिकाची धूळ सरळ आत जाते. मिशी आणि मास्कच्या आत बसेल एवढी हनुवटीची दाढी चालते, मी तेवढीच ठेवतो. आणि लेथवर छातीपर्यंत दाढी घेऊन वाकणारा माणूस मला माझ्या शेजारच्या मशीनवर नको.

वस्तरा_वडगाव

माझं स्वतःचं सलून आहे म्हणून बोलतो. पोरं गालाची तक्रार घेऊन येतात आणि बिघडवून घेतात गळा. खुर्चीत बसलं की पहिलं वाक्य, दादा कोरून द्या, लाईन टाईट पाहिजे. आणि रेघ मागतात कुठं तर थेट जबड्याच्या हाडावर. समोरनं फोटोत बरी दिसते, पण मान खाली घातली, हसलं, की खालचं मास उघडं पडतं आणि नसलेली दुसरी हनुवटी दिसाय लागते. गळ्याची रेघ हाडाच्या खाली पाहिजे. नरड्याच्या घाटीच्या वर दोन बोटं आडवी ठेवायची, ती झाली मधली खूण, तिथनं दोन्हीकडं गोलाई घेत कानाच्या पाळीच्या मागं न्यायची. त्याच्या खालचं सगळं साफ करायचं, वरच्याला हात लावायचा नाही. बस एवढंच. खाली साफ झालं की वरची आहे तीच दाढी दाट वाटते, गालावर काही न करता.

गालाची वरची रेघ तर मी पहिले दीड-दोन महिने कुणाचीच करत नाही. डोळ्याच्या बाजूला चारदोन सुटे केस असतात ते काढतो, बाकी जशी निसर्गानं दिली तशी. ठिगळं असणारा माणूस रेघ खाली खाली घेत जातो आणि मग गालावर दाढी राहतच नाही, हनुवटीपुरतीच उरते.

ट्रिम करायची तर कोरडी असताना. ओला केस लांब लोंबतो, तेव्हा कापला की वाळल्यावर आखूड होऊन वर चढतो. आधी ट्रिमरला मोठं गार्ड, म्हणजे पात्यावर बसतो तो कंगवा, लावायचं, मग एकेक उतरायचं. तुझ्यासारख्याला दोन रस्ते आहेत, एक तर सगळंच 3 ते 5 मिलिमीटरवर ठेवायचं म्हणजे दाट आणि विरळ यातला फरक डोळ्याला कमी टोचतो, नाहीतर अजून दीडदोन महिने सोडायचं, कल्ल्याचे केस लांब झाले की ते खाली विंचरून मोकळी जागा झाकता येते. मधलं काही चांगलं दिसत नाही हे खरंच. मिशीचे केस ओठावर आले तर तेवढे कात्रीनं काप, नाहीतर चहा पिताना कळेल.

आणि कुठल्याबी सलूनात बसा, माझ्या बसा नाहीतर दुसऱ्याच्या, ब्लेड तुमच्यासमोर नवं मोडून वस्तऱ्यात घातलं का ते बघा. हिपॅटायटिस बी, सी असल्या गोष्टी रक्तातनं जातात, त्यात लाजायचं काही नाही. तुरटीचा खडा पण सगळ्यांच्या गालावर तोच फिरत असतो, तो नको म्हणून सांगा सरळ. माझ्या धंद्यातली माणसं मला शिव्या घालतील पण असू दे.

निपाणी_वखार

वस्तरा दादांचं बाकी सगळं पटलं पण तेलाबद्दल कुणी बोललंच नाही. मी तंबाखूच्या वखारीत असतो, इथं दिवसभर चुरा उडतो तो दाढीत जाऊन बसतो आणि घाम आला की आग आग होते, म्हणून मला हे शिकायलाच लागलं. संध्याकाळी घरी आलं की आधी साध्या पाण्यानं बोटं मुळापर्यंत घालून धुवायची. आंगाचा साबण दाढीला नको, त्यानं कातडी कोरडी पडते, आणि आमच्याकडं चिकोडी अथणी भागात बोअरचं पाणी जड असलं तर साबणाचा थर केसात बसूनच राहतो. आठवड्यातनं दोनतीनदा साधा सौम्य शॅम्पू, डोक्याचा असतो तोच, बियर्ड वॉश म्हणून वेगळी बाटली घ्यायची काय गरज नाही.

तेलानं केस उगवत नाही हे खरं, पण तेलाचं काम वेगळं आहे. खालची कातडी कोरडी पडून कोंडा होतो आणि केस राठ होतो, त्याला दोनतीन थेंब पुरतात, आंघोळ करून जरा ओलसर असतानाच तळहातावर चोळून लावायचं. बदामाचं चालतं. खोबरेल पण चालतं, पण तोंडावर पुटकुळ्या येणाऱ्यांनी खोबरेल जपून, छिद्रं बुजतात. एरंडेल इतकं चिकट की धूळ ओढून घेतं, ते लावून मोटरसायकलवर निपाणी ते कोल्हापूर जाऊन ये मग कळेल. आणि कांद्याचा रस कुणी सांगितला तर त्याला आधी स्वतःच्या गालावर लावायला सांग.

औषधवाला_चिकोडी

मेडिकल दुकान चालवतो. डॉक्टर नाही, पण रोज ह्याच प्रश्नावर पोरं काउंटरला उभी असतात म्हणून लिहितो.

उलट्या दाढीचा विषय आधी संपवूया. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांना ठरवून दाढ्या करायला लावून हे तपासलं होतं, वस्तऱ्यानं केस जाड होत नाही की वेगानं वाढत नाही. वाटतं मात्र तसंच, कारण ऊस कसा शेंड्याला बारीक आणि बुडख्यात जाड असतो, बुडख्यातनं तोडला की वर जाडच तोंड दिसतं, तसंच केसाचं. वस्तरा कातडीच्या वरचं कापतो, मूळ आत असतं, त्याला पत्ताच नसतो. रोज उलटा हात मारलास तर उलट केस आत वळून फोड येतील, गळ्यावर तर हमखास.

मिनॉक्सिडिल. हे औषध डोक्याच्या टकलासाठी मंजूर आहे, दाढीसाठी नाही. दाढीवर वापरतात, थायलंडमध्ये त्याची एक छोटी चाचणी पण झाली होती आणि लावणाऱ्यांना थोडा फायदा दिसला होता, म्हणजे अगदीच थापा नाहीत. पण कातडी सोलवटते, खाज येते, काहींना धडधडतं, चक्कर येते. घरात मांजर असेल तर अजिबात नको, मांजराला ते विषारी आहे, गालाला गाल लावलेलं किंवा उशी चाटलेली पुरते. 21 वर्षाच्या पोरानं ज्याची दाढी अजून येतच आहे त्यानं कशाला? वापरायचंच असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारून.

आता मला खरी काळजी दुसरी आहे. तुझं डावीकडचं मोकळं आहे ते नीट आरशात बघ. तिथं बारीक मऊ लव दिसते का? असेल तर काळजीचं कारण नाही, ती पुढं जाड व्हायची शक्यता असते. पण आधी दाढी असलेल्या जागी अचानक नाण्याएवढं गोल गुळगुळीत टक्कल पडलं असेल तर ती चाई, त्याला तेल किंवा कांदा घासत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि लाल गोल चट्टा, कडेला पुरळ, खाज असेल तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावर लोक आमच्याकडं येऊन ती मिक्स ट्यूब मागतात, ज्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. मी देत नाही, पोरं तोंड वाकडं करून दुसऱ्या दुकानात जातात.

बेळगाव_रायडर

मिनॉक्सिडिल मी लावलंय, गाल भरला. उगाच घाबरवू नका पोराला.

औषधवाला_चिकोडी

@बेळगाव_रायडर भरला असेल, मी नाही म्हटलंच नाही. पण तुमचं वय त्यावेळी काय होतं आणि न लावता पण भरला असता का, हे तुम्हाला तरी कसं कळणार?

बेळगाव_रायडर

23 होतं. बरं ठीक आहे.

टिळकवाडी_ताई

माझ्या धाकट्या भावाची हीच गोष्ट चालूय म्हणून वाचत होते. दाढीवाल्यांना एक विनंती, दाढीचा कोंडा काळ्या शर्टावर सगळ्यांना दिसतो, फक्त तुम्हालाच दिसत नाही. पांढरट पापुद्रे आणि खाली लालसर कातडी असं बरेच दिवस राहिलं तर ते नुसतं कोरडेपण नसतं, त्याला कीटोकोनाझोलचा शॅम्पू लागतो, तेल लावून ते वाढतं पण. आणि उशीचा अभ्रा बदला ओ आठवड्याला तरी.

मराठा_सेंटर_रोड

कॅम्पात राहतो. खानापुरी_गडी, भरतीचा विचार असेल तर दाढीवर जीव जडवू नकोस. इथल्या आर्मीच्या मराठा रेजिमेंट सेंटरच्या गेटला उभा राहून बघ, एकसे एक मिशा दिसतील, दाढी दिसणार नाही, आर्मीत शीख सोडून बाकीच्यांना दाढी ठेवता येत नाही. नेव्हीत परवानगी घेऊन ठेवता येते. आज्जीला खूश करायचं असेल तर मिशी हा मधला मार्ग आहे.

खानापुरी_गडी

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. उजेडात बघितलं, डाव्या गालावर लव आहे सगळीकडं, गोल चट्टा बिट्टा काही नाही, आधीपण तिथं दाढी नव्हतीच. म्हणजे मिनॉक्सिडिल कॅन्सल, आणि घरात दोन मांजरं आहेत त्यामुळं विषयच संपला. किट पण घेत नाही. भरतीचा विचार नाही मराठा_सेंटर_रोड दादा, बी.कॉम. आहे. आज्जीला सांगितलं शिवजयंतीसाठी ठेवलीय, तर म्हणाली मग ठेव, पण जेवताना पुसत जा.

फक्त ट्रिमर तेवढा कुठला घेऊ? आणि गळा मी स्वतः काढू का सलूनात जाऊ?

वस्तरा_वडगाव

कंपनीचं नाव सांगत नाही, गणपत गल्लीत, खडेबाजारात कुठंही हजार-दीड हजारात चांगला मिळतो. बघायचं काय तर गार्ड 1 पासून निदान 10 मिलिमीटरपर्यंत पाहिजेत, आणि पातं काढून धुता आलं पाहिजे. वीस मोड आणि लाईट असलेले घेऊ नको, त्यातलं काही लागत नाही. वापरून झाला की ब्रशनं केस झाडायचे आणि पात्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब, बॉक्समध्येच छोटी बाटली येते ती सगळेजण फेकून देतात आणि मग सहा महिन्यांनी मशीन केस ओढतंय म्हणून माझ्याकडं घेऊन येतात. ट्रिमर घरात कुणाला देऊ नको, बाबांना पण नाही.

गळा पहिल्यांदा दुसऱ्याकडनं काढून घे, स्वतः आरशात बघून काढताना मान वर करतोस आणि रेघ नको तेवढी वर चढते. एकदा जागा कळली की पुढं दर चार-पाच दिवसांनी घरीच तेवढं खालचं साफ करत जा. वडगावला आलास तर माझ्याकडं ये, गळा काढून देतो. गालाला कोर म्हणालास तर मात्र तसाच उठवून पाठवणार.

निपाणी_वखार

आणि ह्यांच्याकडं गेलास तर तुरटी नको म्हणून सांग 😄