नान्नजचा माळ आणि रात्रीचं आकाश: कधी जावं, कुठं बसावं?

भवानीपेठकर
डिसेंबर ते फेब्रुवारीत एक दिवस आणि एक रात्र काढायची आहे. आम्ही दोघं आणि मुलं, वय ९ आणि १३. दिवसा सोलापूरजवळच्या नान्नजला वनरक्षक किंवा गावातला वाटाड्या सोबत घेऊन काळवीट, पक्षी बघायचे आणि रात्री तिथंच माळावर पसरून तारे, असा बेत आहे. दुर्बीण नाही, घ्यावी का? तारीख कशी धरायची? जाणकारांनी सांगावं.

माळकरी
तुमचा बेत दोन तुकड्यांत करावा लागेल. नान्नजचा माळ म्हणजे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, १९७९ पासूनचं. परवानगी दिवसाची मिळते, ‘तिथंच पसरून’ जमणार नाही. आत चूल, शेकोटी काहीच पेटवायचं नाही. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

वनरक्षक हा सहलीचा गाइड नव्हे. त्याच्याकडे त्याचं नियतक्षेत्र (राखायला नेमून दिलेला जंगलाचा भाग) असतं, गस्त असते, वणव्याची काळजी असते. आठवडाभर आधी नान्नजच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. त्याला वेळ नसेल तर गावातला माणूस सुचवायला सांगा. शुल्क भरलं की पावती घ्या.

उजाडायच्या आधी फाटकाशी असा. काळवीट नाकापेक्षा डोळ्यांवर जगतं, म्हणून भडक कपडे नकोत, हात लांब करून दाखवणं नको, एका ओळीत चाला आणि थांबलात की खाली बसा. मुलांना नुसता कळप दाखवू नका. एकाच जागी साठलेल्या लेंड्यांची रास दाखवायला सांगा. नर आपली हद्द तशी राखतो. वाटेवरचे लांडग्याचे आणि कुत्र्याचे ठसे वेगळे कसे ओळखायचे तेही विचारा, अशा प्रश्नांवर वनरक्षक खुलतात. पखुर्ड्या (माळावरचे, कबुतरासारखे दिसणारे पक्षी) सकाळी पाण्यावर येतात. भोवत्या, म्हणजे माळावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी, हिवाळी पाहुणे आहेत. संध्याकाळी गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात, त्यामुळे त्या वेळी लांबूनच बघा, गवतात शिरू नका. माळढोक दिसेल या आशेनं मात्र जाऊ नका.

दक्षिणक्षितिज
तारखेसाठी पंचांग पुरे. संकष्टीला चंद्र नऊच्या आसपास उगवतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पुढं रोज साधारण पाऊण-एक तास उशीर. म्हणजे संकष्टीनंतर चार दिवसांनी मध्यरात्रीपर्यंत काळोख मिळतो. तिथून अमावास्या ओलांडून शुक्ल तृतीयेपर्यंतचे दिवस चांगले. सूर्यास्तानंतर सव्वा तास गेल्याशिवाय पुरता अंधार होत नाही, त्याआधी ‘काहीच दिसत नाही’ म्हणून उठू नका.

जागा मात्र कुठलं आकाश हवं त्यावर ठरवा. बहुतेक जण इथंच चुकतात. नान्नज शहराच्या उत्तरेला आहे, म्हणजे सोलापूरच्या दिव्यांचा उजेड तुमच्या दक्षिण क्षितिजावर चढतो. ध्रुव, शर्मिष्ठा, देवयानी, डोक्यावरचे कृत्तिका-रोहिणी-मृग यांना त्याचा त्रास नाही. व्याध आणि अगस्त्य तेजस्वी, ते उजेडातूनही दिसतात. पण त्रिशंकू, नरतुरंग या दक्षिण क्षितिजालगतच्या तारकासमूहांसाठी शहर पाठीमागं टाकून दक्षिणेलाच जायला हवं. हत्तरसंग-कुडल, भीमा-सीनेचा संगम, सोलापूरपासून सुमारे ४० किमी. (शके ९४०चा मराठी शिलालेख तिथल्याच देवळात आहे, दिवसा बघून घ्या.) देवळाच्या आवारात थांबू नका, दिवे असतात, नदीपासूनही जरा उंचावर बसा. काठाला दंव जास्त पडतं आणि भिंगावर धुकं धरतं.

शेंगाचटणी
रात्री कुठंही बसा, शेत कुणाचं तरी असतंच. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी उभी असते, राखणीला माणसं आणि कुत्री असतात. मालकाला विचारा आणि गावच्या पोलीस पाटलांना गाडीचा नंबर, किती माणसं, किती वाजेपर्यंत, एवढं आधी कळवा. अनोळखी गाडी अंधारात दिवे बंद करून उभी दिसली की लोक चोर समजणार, त्यात त्यांचं काय चुकलं?

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी करून रबरानं बांधा. पण हा लाल उजेड बसल्या जागी नकाशा बघायला. चालताना साधा पांढरा टॉर्च आणि घोट्याच्या वर जाणारे बूटच. मुरमाड माळावर फुरसं असतं, बांधाला घोणस, दोन्ही विषारी साप. लघवीला एकट्या मुलाला सोडू नका.

तोच पांढरा टॉर्च कपाळाशी डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर मारला तर हिरवट ठिणग्या चमकतात. दंव नव्हे, कोळ्यांचे डोळे. धाकटं पोर तारे विसरेल.

थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. खाली ताडपत्री, त्यावर घोंगडी किंवा वाकळ. नुसती सोलापुरी चादर अंगावर घेऊन भागत नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि थर्मासमधला चहा न्या, म्हणजे स्टोव्हचा प्रश्नच नको. परतताना गाडी हळू. रातवे (रात्री फिरणारे पक्षी) तापलेल्या रस्त्यावर बसतात आणि शेवटच्या क्षणी उडतात.

भवानीपेठकर
आभार! फेब्रुवारीची अमावास्या धरतो. मग त्रिशंकू मिळेल का? आणि दुर्बिणीचं राहिलं. थोरल्याला शनीची कडी बघायची आहे.

दक्षिणक्षितिज
फेब्रुवारीच्या मध्याला त्रिशंकू उभा राहतो पहाटे तीनच्या सुमारास. वरचा तारा क्षितिजापासून दीड मूठ, खालचा जेमतेम एक. (हात ताठ धरला की मूठ म्हणजे १० अंश.) सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवही उत्तरेला दोन मुठींच्या आतच. मुलांना आधी तो मोजायला लावा, मग दक्षिणेचं माप चुकत नाही. रात्री नऊ-साडेनऊला अगस्त्य दक्षिणेला सर्वांत वर, दोन मुठी. पहाटेचं जमणार नसेल तर त्रिशंकू मेच्या मध्यावर रात्री साडेनऊलाच उभा असतो, फक्त तेव्हा धुरळ्यानं क्षितिज मळतं. वळीव पडून गेल्यावरची रात्र पकडा.

१०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, घ्या. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चंद्र तिच्यात मिळतात. शनीची कडी मिळत नाही, ती मोठ्या दुर्बिणीचं काम, हे थोरल्याला आधीच सांगून ठेवा. नुसत्या हातात धरली तर गुरू नाचतो. दोन किलो ज्वारी कापडी पिशवीत सैल भरा, गाडीच्या टपावर ठेवा आणि द्विनेत्री त्यात रुतवा. इंजिन बंद, आणि गाडीला कुणी टेकायचं नाही.

माळकरी
हत्तरसंगला रात्र काढून उजाडता नान्नज गाठायचं म्हटलं तर उलट्या दिशेला साठेक किलोमीटर, तेही जागरणानंतर. नान्नजची सकाळ आधी, दुपारी झोप, मग संगम.